गिनी मोकळ्या सोडायच्यात आणि मेथीही खायचीय? मग हे आधी वाचा

पहिल्या वर्षीची गोष्ट. मेथी पेरून जेमतेम दहा दिवस झालेले, दोन-दोन पानं वर आलेली, मी दळण आणायला गावात गेले आणि पाऊण तासानं परत येऊन बघते तर वाफ्याच्या मधोमध सहा गिनी फाऊल (कोंबडीसारखे पाळायचे पक्षी, आम्ही नुसतं गिनी म्हणतो) आडव्या पडून पंखांनी माती अंगावर उडवतायत, डोळे अर्धे मिटलेले, एकदम सुखात. मेथी त्यांनी खाल्लीच नव्हती, नुसती लोळून संपवली होती. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "अगं हाकललं मी दोनदा, पण उठंनातच मेल्या."

आमचं घर सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात. वीस गुंठे जागा, त्यात घर, परसबाग, बांधाला औषधी झाडं, आठ-दहा फळझाडं आणि आता ११ गिनी, दिवसभर मोकळ्या. पाच वर्षं झाली. मी सुरुवात केली तेव्हा ज्याला विचारावं तो म्हणायचा "गिनी बागेला काही करत नाहीत, कोंबडीसारखं उकरत नाहीत", आणि हे निम्मं खरं आहे म्हणूनच घात होतो. कोंबडी पायानं उकरून नुकसान करते. गिनी फार उकरत नाही, पण जिथं मोकळी, कोरडी, भुसभुशीत माती दिसेल तिथं लोळते, आणि आपण नवीन वाफा तयार करतो म्हणजे नेमकं तेच करून ठेवतो, मोकळी कोरडी भुसभुशीत माती. हे एकदा डोक्यात बसलं की खालचं सगळं सोपं आहे.

१. आधी ठरवा, तुम्हाला खरंच हव्यात का

गिनी ओरडते. म्हणजे कोंबडा आरवतो तसं नाही, पत्र्यावर खिळा घासल्यासारखं, आणि एकीनं सुरू केलं की सगळ्या. अनोळखी माणूस, साप, मुंगूस, नवीन बादली, वाळत घातलेली लाल साडी, कशावरही. राखण म्हणून मस्त, पण घराला घर लागून असेल किंवा बंगल्यांची सोसायटी असेल तर शेजारी महिनाभरात बोलणं बंद करतील. भिंतीवरून सहज उडतात, झाडावर बसतात, दिवसात बराच पल्ला फिरतात, त्यामुळे दोन-तीन गुंठ्यांत मोकळ्या सोडायचा विचार सोडून द्या.

दुसरं म्हणजे बाजारात काही लोक गिनीला तित्तर म्हणून विकतात किंवा उलट रानातला तित्तर गिनीच्या नावाखाली गळ्यात मारतात. गिनी मूळची आफ्रिकेतली, पाळीव पक्षी, ठेवायला अडचण नाही. पण रानातला तित्तर पकडणं, पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. गिनीचं डोकं पिसांशिवाय, वर शिंगासारखा टेंगूळ, गालाखाली लोंबते लोलक, पाठ पोत्यासारखी गोल. एकदा बघितली की चूक होत नाही.

रंगावरून भाव वाढवून सांगणारे भेटतील. उत्तर प्रदेशात बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, तिथं कादंबरी, चितंबरी आणि श्वेतांबरी अशा तीन जाती तयार केल्यात, पहिली काळपट ठिपक्यांची, दुसरी फिकट राखाडी-जांभळट, तिसरी पांढरी. बागेच्या कामाला तिन्ही सारख्याच. माझं मत विचाराल तर पांढरी घेऊ नका, संध्याकाळी झाडावर राहिली तर घुबडाला लांबून दिसते.

२. सामान आधी जमवा

- कोंबडी जाळी, अर्धा-पाऊण इंच भोकाची, तीन फूट रुंद, निदान एक बंडल
- हिरवं शेडनेट, जुनं फाटकं चालेल
- चार-पाच मोठी डालगी (बुरडाकडून घ्या, प्लास्टिकच्या क्रेटपेक्षा बरी, हवा खेळते)
- तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीची किंवा कापसाची वाळलेली झाडं), आणि बोरी-बाभळीच्या वाळक्या काटेरी फांद्या
- उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा, जेवढा मिळेल तेवढा
- चुलीची राख आणि बारीक वाळू
- नारळाएवढे दगड, पाटीभर
- एक पत्र्याचा डबा आणि पाच-सहा किलो बाजरी
- खुराडं, ज्याच्या आत उंचावर बसायला आडवे दांडे आहेत आणि दाराला खरी कडी आहे

या यादीतलं एक काही वगळायचंच असेल तर शेडनेट वगळा, पाचट मात्र वगळू नका.

३. बाग आधी, पक्षी नंतर

मी उलटं केलं. पक्षी आधी आणले मग म्हटलं आता बाग करू. तुम्ही तसं करू नका. पावसाळ्याच्या तोंडावर, मृगाच्या आसपास झाडं-रोपं लावा, त्यांना दोन-अडीच महिने मिळू द्या, आणि गिनी मोकळ्या सोडायची वेळ भाद्रपद-आश्विनात येईल असा हिशोब धरा. तोपर्यंत मिरची-वांगी गुडघ्याला लागलेली असतात, वेल मांडवावर चढलेले असतात, आणि शिवारात नाकतोडे इतके असतात की गिनींना भाजीकडे बघायला फुरसत नसते.

साधा नियम मी धरते, रोप गुडघ्याएवढं झालं आणि खोड बोटाएवढं झालं की ते गिनीच्या हवाली करायचं, त्याआधी नाही. वय, जात, किती पानं वगैरे काही मोजू नका.

४. पिल्लं आणायची की मोठे पक्षी

पिल्लं. मोठे पक्षी स्वस्तात मिळतात असं वाटतं पण मोठी गिनी जिथं वाढली तेच घर समजते, दार उघडलं की उडाली. आमच्या पहिल्या खेपेला आणलेल्या चार मोठ्यांपैकी दोन दुसऱ्याच दिवशी ओढ्यापलीकडे गेल्या त्या गेल्याच. शिवाय विकणाऱ्यानं "दोन जोड्या" म्हणून दिलेले चारही नर निघाले. नर-मादी दिसायला जवळपास सारखे, लोलक नराचे मोठे असतात पण त्यावर विसंबू नका, आवाजावर जा. मादी दोन तुकड्यांत ओरडते, पहिला छोटा आणि दुसरा वर चढणारा, नर नुसता एकसुरी चि-चि-चि करतो. मादी कधीकधी नराचा आवाज काढते, नर मात्र मादीचा कधीच काढत नाही. म्हणजे दोन तुकड्यांचा आवाज ऐकलात की ती मादी, नक्की.

पिल्लांना सगळ्यात मोठा धोका ओलीचा. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. खाली भाताचं तूस टाका, वर्तमानपत्र नको, गुळगुळीत कागदावर पाय फाकतात आणि पिल्लू कायमचं लंगडं होतं. पाण्याचं भांडं उथळ आणि त्यात गोटे, कारण ती चमचाभर पाण्यातही बुडून मरतात. खाद्य साधं लेयरचं, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं, नको, प्रथिनं जास्त लागतात, २४ ते २६ टक्के, दुकानात प्री-स्टार्टर म्हणून मिळतं त्याच्या पोत्यावरचा आकडा वाचून घ्या. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगाची लस वगैरे गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या, कोंबड्यांबरोबरच यांचंही होऊन जातं.

सगळ्यात सोपा मार्ग सांगू का, देशी कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली गिनीची अंडी ठेवा. रवणाला (अंडी उबवायला) बसवलेली कोंबडी २१ दिवसांऐवजी २६ ते २८ दिवस बसते, तिला काही फरक पडत नाही, आणि ती पिल्लांना रोज संध्याकाळी खुराड्यात घेऊन येते. ती सवय गिनींना आयुष्यभर पुरते. आमच्या सध्याच्या ११ पैकी ८ अशाच वाढल्यात. तोटा एकच, कोंबडी त्यांना उकरायलाही शिकवते, थोडंसं.

५. दीड महिना कोंडून ठेवायचं, दया दाखवायची नाही

पिसं पूर्ण आली की खुराड्यात हलवा आणि तिथून पुढे सहा आठवडे बाहेर सोडू नका. रोज संध्याकाळी दिवस मावळायच्या अर्धा तास आधी पत्र्याचा डबा वाजवायचा आणि मूठभर बाजरी टाकायची. फक्त त्याच वेळी, दुसऱ्या कुठल्याही वेळी बाजरी नाही. दिवसा जे काय खायचं ते खाद्य, पण बाजरी म्हणजे घरी यायची वेळ हे त्यांच्या डोक्यात बसलं पाहिजे.

मग एके दिवशी दुपारी चारच्या पुढं फक्त दोनच पक्षी बाहेर सोडायचे, बाकीचे आत. आतले ओरडत राहतात आणि बाहेरचे दोघं खुराड्याभोवतीच घुटमळतात, कारण गिनीला एकटं राहणं जमत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरे दोन, मग चार, असं आठवडाभर. खुराड्यात अंधार असेल तर त्या आत जायला बिचकतात, एक लहान दिवा आत लावून ठेवा, मी सौर कंदील टांगते. पकडायची वेळ आली तर पायाला धरू नका, पाय लगेच दुखावतो, दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरायचं.

पंखांची टोकं कापावीत का? मी एका वर्षी कापली. कुंपणाबाहेर गेल्या नाहीत हे खरं, पण भटकं कुत्रं आत आलं तेव्हा उडताही आलं नाही. तेव्हापासून नाही.

६. त्यांना त्यांचा धुळीचा खड्डा द्या

ही पायरी लोक विसरतात. धुळीत लोळणं ही गिनीची अंघोळ आहे, उवा-पिसवांवरचा तिचा इलाज, ते तुम्ही थांबवू शकत नाही, फक्त जागा ठरवू शकता. आम्ही गोठ्याच्या कडेला पत्र्याची पडवी आहे तिथं चार बाय चार फुटाचा, वीतभर खोल खड्डा केलाय, त्यात चाळलेली माती, एक पाटी राख, एक पाटी वाळू. वर छप्पर असणं महत्त्वाचं, पावसाळ्यात सगळीकडे चिखल असतो तेव्हा हीच एक कोरडी जागा उरते आणि अख्खी पलटण तिथंच.

खड्डा त्यांना मोकळं सोडायच्या दिवसाआधी तयार पाहिजे. एकदा का त्यांनी तुमच्या तुळशी वृंदावनातली माती पसंत केली की मग सवय मोडणं कठीण, आमच्याकडे सासूबाईंची तुळस दोनदा मुळासकट कलंडली, शेवटी वृंदावनात मातीवर गोटे रचले.

७. उघडी माती ठेवायचीच नाही

आता मुख्य काम. जिथं झाड नाही तिथं पाचट, जिथं झाड आहे तिथं खोडापर्यंत पाचट. चार बोटं जाडीचा थर पाहिजे, पातळ अंथरलंत तर गिनी ते बाजूला सारून खालचे किडे शोधतात आणि मग तिथंच बसतात. पहिल्या पावसानंतर ते दबतं, मग हलत नाही. उसाचा पट्टा जवळ असेल तर तोडणीनंतर लोक पाचट पेटवतात, त्याआधी जाऊन मागा, बहुतेक जण फुकट देतात.

फळझाडाच्या आळ्यात पाचटावर चार-पाच नारळाएवढे दगड ठेवा. दगड असले की अंग पसरायला जागा मिळत नाही. हळद आणि आल्याच्या वाफ्यात तर हे फारच गरजेचं, पानांना त्या तोंड लावत नाहीत, पण माती मोकळी झाली की गड्डे उघडे पडतात आणि उन्हानं हिरवे-काळे होतात. एका वर्षी माझं आलं असंच गेलं, वरून झाडं हिरवीगार दिसत होती म्हणून मी बघितलंच नाही.

नवीन वाफा करायचा असेल तर संध्याकाळी करा, त्या बसल्यावर. लगेच भरपूर पाणी मारा, ओल्या मातीत गिनी लोळत नाही. आणि रात्रीतच वर काटेरी फांद्या पसरा. सकाळी उठून त्या पहिली फेरी मारतात तेव्हा त्यांना तिथं काही नवीन आकर्षक दिसता कामा नये.

८. काय कुठं लावायचं

मी बागेचे तीन भाग करते, आणि हे भाग पाडताना गिनीला काय आवडतं त्यापेक्षा आपण ते कसं खातो हा विचार आधी केला. गिनी फिरतात तिथं शिट पडते. जे आपण कच्चं खातो त्यावर शिट नको.

*जाळीच्या आत, कायम:* कोथिंबीर, पुदिना, मेथी, पालक, शेपू, माठ, मुळा, कांद्याची पात. चटणी-कोशिंबिरीचं जे काही आहे ते सगळं. भोवती तीन फूट जाळी आणि वरूनही शेडनेट किंवा जाळी पाहिजे, नुसतं कुंपण करून उपयोग नाही, त्या उडून आत उतरतात आणि मग बाहेर येता येत नाही म्हणून घाबरून सगळं तुडवतात. आमची ही चौकट ८ बाय १२ फुटाची आहे, तुराट्यांचा कूड आणि वर जाळी. भाजी तरीही दोनदा धुवून घ्या.

*थोडे दिवस झाकून मग मोकळं:* मिरची, वांगी, टोमॅटो, भेंडी, गवार, घेवडा, चवळी, मका, आणि सगळे वेल. यात मका, चवळी, घेवडा, भोपळा असं मोठ्या दाण्याचं बी टोकून लावायचं असेल तर तीन आठवडे डालगं पालथं घाला, कारण कोंब वर आला रे आला की गिनी तो चिमटीत धरल्यासारखा ओढून खालचा फुगलेला दाणा खाते, ओळीच्या ओळ, शिस्तीत, माणूस भुईमूग उपटतो तसं. म्हणून मी शक्य तेवढं ट्रेमध्ये रोप करून मगच लावते. टोमॅटोला काठीचा आधार द्या आणि खालच्या दोन फुटांतली फळं रंग धरल्या धरल्या तोडून घरात पिकवा. काकडी, दोडका, कारलं, पडवळ मांडवावर, जमिनीवर सोडलेली काकडी म्हणजे त्यांचं दुपारचं जेवण. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना लागत नाही, लाल झालेली लवंगी त्या चणे खाल्ल्यासारख्या टिपतात, त्यामुळे लाल मिरचीसाठी ठेवलेल्या झाडांना शेडनेट गुंडाळा.

*पूर्ण मोकळं:* कढीपत्ता, शेवगा, अडुळसा, गवती चहा, पानओवा, अळू, कोरफड, शतावरी, जास्वंद, मोठी झालेली तुळस. अडुळशाला तर शेळीही तोंड लावत नाही. अळूच्या पानाला चोच लावलेली मी पाच वर्षांत बघितली नाही, ओल्या जागेत असतो म्हणून लोळायचाही प्रश्न नाही. पानओव्याचा वास त्यांना आवडत नसावा, आम्ही जाळीच्या कडेनं मुद्दाम पानओव्याची रांग लावलीय. झेंडूची झाडं ठीक राहतात पण पाकळ्या उपटतात, दसऱ्याला फुलं हवी असतील तर आधीचे पंधरा दिवस झाका. मोगऱ्याला काही करत नाहीत, खाली सावलीत बसतात फक्त.

काही झाडं मात्र बागेत नकोतच. कण्हेर, धोतरा, एरंड, घाणेरी यांची पानं-बिया विषारी आहेत. मोकळी फिरणारी गिनी सहसा हुशारीनं टाळते, पण कोंडलेली, भुकेली गिनी समोर टाकलेला हिरवा पाला खाते, त्यामुळे छाटणी करून त्या फांद्या खुराड्यात कधीही टाकू नका. हौसेनं ॲव्होकॅडो लावला असेल तर त्याचा पालाही पक्ष्यांना घातक. कच्चा राजमा, वाळलेला घेवडाही खायला टाकू नका.

९. कीड किती कमी होते, खरं खरं

नाकतोडे, झुरळं, वाळवी, मोठ्या अळ्या, भुंगेरे, लहान गोगलगायी यांच्यात फरक डोळ्यांना दिसतो. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीचे पंखवाले किडे निघतात तेव्हा गिनींची दिवाळी असते. शेत नांगरताना मागे सोडा, हुमणीच्या, म्हणजे मातीत राहून मुळं खाणाऱ्या, अळ्या एकेक वेचतात. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर रात्री कडुलिंब-बाभळीवर येतात, तेव्हा गिनी झोपलेल्या असतात, म्हणून आम्ही दिव्याखाली पाण्याची घमेली ठेवून भुंगेरे पकडतो आणि सकाळी त्यांच्यापुढे ओततो.

मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांचं मात्र गिनी काही करत नाही, इतकं बारीक त्यांच्या खिजगणतीत नाही, निंबोळी अर्क मारावाच लागतो. आणि त्यांना आपला-परका किडा कळत नाही. प्रार्थना कीटक, कोळी, गांडूळ सगळं पोटात. गांडूळखताचा बेड उघडा ठेवलात तर दोन दिवसांत नुसतं शेण उरेल, वर जाळीचं झाकण हवंच.

साप? त्या घेराव घालून ओरडतात, लहान पिल्लू असेल तर मारतातही. घोणसच्या वाट्याला जायचं काम त्यांचं नाही आणि तुमचंही नाही, आवाज ऐकून सर्पमित्राला फोन करायचा.

१०. विष: इथं चूक झाली तर पक्षी राहत नाहीत

गोगलगायीसाठी ज्या निळ्या-हिरव्या गोळ्या मिळतात त्यात मेटाल्डिहाइड असतं. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडं (आताचं धाराशिव) शंखी गोगलगायींनी सोयाबीनची वाट लावली, तेव्हापासून या गोळ्या आमच्याकडच्याही दुकानात दिसायला लागल्या. गिनीला ती गोळी म्हणजे दाणा. आम्ही गोळ्या वापरत नाही, गुळाच्या पाण्यात बुडवलेली पोती संध्याकाळी बांधाला टाकतो, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजा घालून गोळा करतो आणि मिठाच्या पाण्यात टाकतो. मोठी शंखी गोगलगाय गिनीला फुटत नाही, त्यांच्या भरवशावर राहू नका.

दाणेदार कीटकनाशकं, विशेषतः कार्बोफ्युरानची, पक्ष्यांना अगदी थोडी पुरतात. उंदरासाठी पिठात कालवलेलं झिंक फॉस्फाईड उघड्यावर नको. औषध चोळलेलं गुलाबी-लाल बियाणं पेरून उरलं तर ते कोंबड्यांना टाकायची सवय गावात आहे, ती मोडा, पोतं पुरून टाका.

आणि तुमच्या बागेत काही नाही म्हणून निश्चिंत राहू नका, गिनी शेजाऱ्याच्या शेतात जाते. आमच्या शेजारच्या तात्यांना मी पहिल्याच वर्षी अंडी देऊन सांगून ठेवलं, फवारणी असेल त्या दिवशी सकाळी आवाज द्या. त्या दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस गिनी आत. ते अजून विसरले नाहीत, अंडीही विसरू देत नाहीत.

११. अंडी बागेतच सापडतील

मार्च-एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत अंड्यांचा हंगाम. खुराड्यात घातली तर नशीब, एरवी गवती चहाचा गड्डा, शतावरीची जाळी, हळदीची दाट पानं, असल्या ठिकाणी दोन-तीन माद्या मिळून एकाच घरट्यात घालतात. आमच्या गवती चहात एकदा २३ निघाली. दुपारी एखादी मादी गायब आणि एक नर एकटाच बांधावर उभा राहून पहारा देतोय असं दिसलं की घरटं जवळपास आहे समजा.

हात घालण्याआधी काठीनं झाड हलवा, तिथं सापही येतात. सगळी अंडी उचलू नका, चार-पाच ठेवा, नाहीतर जागा बदलतात आणि पुन्हा शोधा. मी ठेवलेल्यांवर पेन्सिलनं खूण करते म्हणजे नवीन कुठली ते कळतं. अंडं कोंबडीच्यापेक्षा लहान पण कवच इतकं जाड की कढईच्या काठावर दोनदा आपटावं लागतं. मादीला बागेतच उबवायला बसू देऊ नका, रात्री मुंगूस नाहीतर रानमांजर तिलाही नेतं, आणि पिल्लं निघालीच तर सकाळच्या दवातून आई त्यांना फिरवते, त्यात निम्मी गारठून जातात.

१२. संध्याकाळ चुकवू नका

पहिलं वर्षभर संध्याकाळी कुणीतरी घरी पाहिजे. डबा वाजला, बाजरी पडली, मोजून आत घेतल्या, कडी लावली. लग्नाला-जत्रेला जायचं असेल तर त्या दिवशी सोडूच नका. एखादी झाडावर राहिली तर अंधारात दगड मारून उतरवू नका, रात्री तिला दिसत नाही, खाली पडून कुत्र्याच्या तोंडी जाईल. सकाळी येते आपोआप.

खुराड्यातलं तूस-शिट काढून लगेच झाडाला घालू नका, ते उष्ण पडतं, रोपं करपतात. खड्ड्यात पालापाचोळ्यासोबत तीन-चार महिने कुजवा, मग घाला, वांग्याला तर असा फरक पडतो की विचारू नका.

आमच्या तीन गिनी अजूनही ऐकत नाहीत, त्या मोठ्या आणलेल्यांतल्या दोन आणि त्यांच्या नादाला लागलेली एक, रात्री आंब्यावरच. गेल्या पावसाळ्यात त्या फांदीच्या बरोबर खाली लवंगी मिरचीची नऊ रोपं उगवली, कुणी न लावता. सासूबाईंनी त्यातली चार उचलून जाळीत नेऊन लावली, उरलेल्या पाचांवर मी डालगी पालथी घातलीत.